१७८९ साली फ्रान्समध्ये नेमके काय रद्द झाले? ‘सरंजामशाही’ या शब्दाविषयी एक शंका

प्रश्न : वर्गशिक्षिका

मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. गेल्या आठवड्यात फ्रेंच राज्यक्रांती शिकवत असताना मी नेहमीप्रमाणे फळ्यावर ‘४ ऑगस्ट १७८९ : सरंजामशाही रद्द’ असे लिहिले आणि पुढे वळले, तोच मागच्या बाकावरील एका मुलीने हात वर केला. तिचे म्हणणे असे, की मागच्या प्रकरणात पंधराव्या-सोळाव्या शतकात राजसत्ता बळकट झाली, तोफा आल्या, पगारी फौजा उभ्या राहिल्या आणि सरंजामशाही संपली, असे तुम्हीच सांगितले होते. मग जी गोष्ट आधीच संपली होती ती १७८९ साली पुन्हा रद्द कशी झाली? माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. ‘अवशेष शिल्लक होते’ असे काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली, हे कबूल करते.

दुसरी शंका तिच्या शेजारच्या मुलाची. त्याच्या आजोबांच्या बोलण्यात ‘सरंजाम’ हा शब्द पेशवाईतील सरदारांच्या संदर्भात येतो, तर घरात आजी लग्नाच्या तयारीला ‘सगळा सरंजाम जमवला का’ असे विचारते. फ्रान्समधील उमराव, पटवर्धनांसारखे सरदार आणि लग्नाची भांडीकुंडी ही तिन्ही एकाच शब्दात कशी बसतात, असे त्याने विचारल्यावर वर्गात हशा पिकला, पण प्रश्न खोटा नव्हता.

जागतिक इतिहासातील राजकीय आणि सामाजिक संकल्पना आपण मराठीत शिकवतो तेव्हा शब्द इथला आणि आशय तिथला अशी स्थिती होते. ती टाळता येणार नाही हे मला समजते, परंतु निदान या एका संकल्पनेपुरते नीट उत्तर देता यावे, अशी इच्छा आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : तळटीप

आपल्या विद्यार्थिनीने जो हात वर केला तो अगदी योग्य जागी केला. तिच्या शंकेचे मूळ असे आहे, की युरोपच्या इतिहासात एकाच शब्दाने दोन वेगळ्या व्यवस्थांचा उल्लेख होतो आणि त्यांपैकी एक संपल्यावरही दुसरी अनेक शतके टिकून राहिली.

पहिली व्यवस्था वरच्या लोकांची आपापसातील. मोठ्या उमरावाने लहान उमरावाला जमीन किंवा उत्पन्न लावून द्यायचे, आणि त्याच्या मोबदल्यात त्याने शपथपूर्वक निष्ठा व लष्करी चाकरी द्यायची. लॅटिनमध्ये अशा देणगीला ‘फेउदुम’ म्हणत आणि पुढचे सगळे शब्द त्यातून निघाले. ज्या काळात ही पद्धत भरात होती त्या काळातील कोणीही आपल्या समाजाला त्या नावाने ओळखत नव्हते. तिला व्यवस्थेचे रूप आणि नाव दिले ते नंतरच्या शतकांतील कायदेपंडितांनी. राजाने पगारी सैन्य ठेवले, तेव्हा या व्यवस्थेतील लष्करी अर्थ उरला नाही. आपण मागच्या प्रकरणात जे ‘संपले’ असे सांगितले ते हे, आणि ते चूक नाही.

दुसरी व्यवस्था धनी आणि शेतकरी यांच्यातील. फ्रेंचमध्ये धन्याला ‘सेन्यर’ म्हणत. शेतकरी आपली जमीन कसत होता, मुलांना देत होता, विकतही होता, परंतु त्या जमिनीवर धन्याचे काही हक्क कायमचे चिकटलेले होते. दरवर्षी एक ठरलेली रोख रक्कम द्यायची, काही ठिकाणी उभ्या पिकातील वाटा द्यायचा, जमीन विकली तर किमतीचा एक हिस्सा धन्याला द्यायचा, दळण त्याच्याच गिरणीत दळायचे, पाव त्याच्याच भट्टीत भाजायचा आणि द्राक्षे त्याच्याच घाण्यात पिळायची. धन्याचे स्वतःचे न्यायासनही असे. शिकारीचा हक्क फक्त त्याचा आणि कबुतरखाना ठेवण्याचा मानही त्याचाच. ही कबुतरे पेरणीच्या दिवसांत शेतात उतरून बियाणे टिपत, आणि शेतकऱ्याने त्यांना मारणे हा गुन्हा होता. १७८९ च्या वसंतात गावोगावी ज्या गाऱ्हाण्यांच्या वह्या लिहिल्या गेल्या, त्यांत या कबुतरांविषयीची तक्रार वारंवार येते. राज्यक्रांतीचे कारण म्हणून आपण तत्त्वज्ञांची नावे सांगतो, ती सांगावीतच, पण वर्गात कबुतरे जरूर सांगा. मुले ती विसरत नाहीत.

आता ४ ऑगस्टच्या रात्रीकडे येऊ. जुलैच्या उत्तरार्धात अनेक प्रांतांत ‘लुटारू येत आहेत’ अशी अफवा पसरली, शेतकऱ्यांनी हत्यारे उचलली, आणि लुटारू न आल्यामुळे काही ठिकाणी मोर्चा धन्याच्या गढीकडे वळला. तिथे त्यांना हवी होती ती दप्तरे, म्हणजे कोणत्या शेतावर धन्याचे किती देणे आहे त्याच्या नोंदवह्या. त्या वाड्याच्या अंगणात आणून जाळल्या गेल्या. ही बातमी व्हर्सायला भरलेल्या राष्ट्रीय सभेत पोहोचली तेव्हा सदस्यांपुढे दोनच मार्ग होते: सैन्य पाठवून शेतकऱ्यांना चिरडायचे, किंवा काहीतरी सोडून द्यायचे. सैन्य पाठवणे म्हणजे राजाच्या हाती पुन्हा तलवार देणे, हे त्यांना कळत होते. म्हणून ४ ऑगस्टला रात्रीच्या बैठकीत नोआयचा व्हायकाउंट प्रथम उभा राहिला. तो धाकटी पाती, त्याच्या नावावर सोडण्यासारखे फारसे नव्हतेच. त्याच्या पाठोपाठ एग्वियोंचा ड्यूक उभा राहिला, आणि त्याच्याकडे मात्र देशातील मोठ्या जहागिरींपैकी एक होती. त्यानंतर मध्यरात्र उलटेपर्यंत एकामागून एक सदस्य उठून आपले, आणि बऱ्याचदा शेजाऱ्याचे, हक्क सोडत गेले. एखाद्या बिशपने शिकारीचा हक्क सोडावा आणि लगेच कोणा उमरावाने धर्मसंस्थेच्या दशांश कराचा प्रश्न काढावा, असा तो प्रकार होता.

या रात्रीचे ठराव ११ ऑगस्टपर्यंत कागदावर उतरले, आणि पहिल्याच कलमात ‘राष्ट्रीय सभा सरंजामी व्यवस्था पूर्णपणे नष्ट करीत आहे’ असे वाक्य आले. आपले फळ्यावरचे वाक्य हे या वाक्याचे मराठी रूप आहे. परंतु त्याच कलमाचे पुढचे वाक्य बहुतेक पाठ्यपुस्तकांत येत नाही. माणसाच्या गुलामीसदृश बंधनातून निघालेले हक्क तेवढे मोबदल्याशिवाय रद्द, आणि बाकीचे शेतकऱ्याने पैसे देऊन सोडवून घ्यायचे, असे ते आहे. शिवाय अशी बंधने असलेले शेतकरी तोवर फ्रान्सच्या पूर्वेकडील काही भागांतच उरले होते, आणि राजाने आपल्या खासगी मुलखातील हे बंधन १७७९ मध्येच काढून टाकले होते. म्हणजे फुकट रद्द झाले ते थोडके, आणि बहुसंख्य शेतकऱ्यांच्या मानेवरचे देणे मालमत्ता म्हणून मान्य झाले.

सोडवणुकीचा दर ३ मे १७९० रोजी ठरला: रोख देण्याच्या वीसपट, आणि धान्यरूपी देण्याच्या किमतीच्या पंचवीसपट. वर्षाला पाच लिव्हर (तेव्हाचे फ्रेंच चलन) भरणाऱ्याने शंभर लिव्हर एकदम मोजायचे. इतकी रक्कम ज्याच्या गाठीला आहे असा शेतकरी गावात कितीसा असणार? बहुतेकांनी वेगळाच मार्ग धरला. सोडवणूकही केली नाही आणि वार्षिक देणेही दिले नाही. अखेर २५ ऑगस्ट १७९२ च्या कायद्याने पुराव्याचा भार उलटला, धन्याने मूळ करारपत्र दाखवले तरच हक्क टिकेल असे ठरले, आणि मूळ करारपत्र फार थोड्यांपाशी होते. १७ जुलै १७९३ रोजी उरलेसुरलेही मोबदल्याशिवाय रद्द झाले आणि ती कागदपत्रे जाळण्याचा हुकूम निघाला. चार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी जे बेकायदा केले होते, तेच आता कायद्याने करायला सांगितले!

तेव्हा आपल्या विद्यार्थिनीला असे सांगता येईल, की १७८९ मध्ये दुसरी व्यवस्था पहिल्या व्यवस्थेच्या नावाने रद्द करण्यात आली, आणि हे नाव निवडण्यात सभेतील वकिलांचा हेतू होता. एखादा हक्क ‘सरंजामी’ ठरला तर तो जुलूम, आणि ‘करारातून आलेला’ ठरला तर ती मालमत्ता. सगळा झगडा ही रेघ कुठे ओढायची याचा होता.

उत्तर २ : मोडीवाचक

वरील उत्तर उत्तम आहे. दुसऱ्या शंकेविषयी, म्हणजे आपल्याकडच्या शब्दाविषयी, थोडी भर घालतो. मी जुन्या घरांतील मोडी रुमाल, म्हणजे मोडी लिपीतील कागदांची बासने, वाचून देण्याचे काम करतो, त्यामुळे हा शब्द रोजच्या पाहण्यातला आहे.

‘सरंजाम’ हा फारसीतून आलेला शब्द आणि त्याचा मूळ अर्थ तजवीज, साहित्य, सिद्धता. म्हणून आजींचा लग्नाचा सरंजाम हाच त्याचा थोरला अर्थ आहे आणि सरदारांचा सरंजाम हा त्यातून निघालेला. फौज बाळगायची म्हणजे घोडा, शिलेदार, दाणावैरण, दारूगोळा यांची तजवीज हवी, आणि त्या तजविजीसाठी गावांचे उत्पन्न लावून दिले जाई, त्याला सरंजाम म्हणत. फौजेसाठीचा तो फौजसरंजाम आणि सरदाराच्या स्वतःच्या खर्चासाठीचा तो जातसरंजाम. त्याचे हिशेब सरकारात द्यावे लागत. तत्त्वतः ही नेमणूक होती, वडिलोपार्जित मिळकत नव्हे. व्यवहारात मात्र ती मुलाच्या नावे होत गेली आणि कालांतराने मिळकतीसारखीच वागवली जाऊ लागली.

दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी, की सरंजामदाराला गावची जमीन मिळत नसे, महसुलातील वाटा मिळे, आणि एकाच गावच्या महसुलात अनेकांचे वाटे असत. चौथाईतच, म्हणजे महसुलाच्या चौथ्या हिश्शातच, बाबती, मोकासा, सहोत्रा, नाडगौडा अशा नावांच्या वाट्यांची फोड आणि प्रत्येक वाटा वेगळ्या घराकडे. त्यामुळे गढीत राहणारा, न्याय देणारा आणि गिरणीचा मक्ता बाळगणारा फ्रेंच धनी डोळ्यांसमोर आणून आपल्याकडच्या सरंजामदाराकडे पाहिले, तर काहीच जुळत नाही.

खालच्या बाजूने जुळणारे काही शोधायचेच असेल तर ते वतनात सापडेल. वतन म्हणजे पाटीलकीसारख्या गावकामाचा आणि त्याबरोबरच्या उत्पन्नाचा व मानाचा हक्क; तो वंशपरंपरागत, वाटणी होणारा, विकता येणारा. पाटीलकी निम्मी विकल्याची खरेदीखते मी स्वतः वाचली आहेत, आणि त्यांत पैशांपेक्षा मानपानाचा तपशील मोठा असतो. होळीची पोळी कोणाची आधी, पोळ्याला कोणाचा बैल पुढे, टिळाविडा प्रथम कोणास, हे सगळे कलमवार लिहिलेले. फ्रान्समध्येही धन्याला चर्चमध्ये मानाचे बाक असे आणि घरावर वातकुक्कुट, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा, लावण्याचा मान असे. १७९० च्या हिवाळ्यात नैर्ऋत्येकडील गावांत शेतकऱ्यांनी ती बाके बाहेर काढून जाळली आणि वातकुक्कुट उतरवले. पैशांचे देणे बंद करून त्यांचे समाधान झाले नव्हते, हे यातून दिसते.

तरीही वतनदार म्हणजे सेन्यर नव्हे. वतनदार राज्याचा सारा गोळा करणारा अधिकारीही होता, तर अठराव्या शतकातील फ्रेंच धन्याचा राजाच्या कराशी फारसा संबंध उरलेला नव्हता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे दायाद म्हटले आहे, म्हणजे वाटा मागणारे भाऊबंद. राजाच्या नजरेतून पाहिले तर हा शब्द फार नेमका आहे. मात्र सगळ्याच वतनांत मान नव्हता. महार वतन हे नावाला वतन आणि प्रत्यक्षात अहोरात्र राबण्याचे बंधन होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले, आणि ही कनिष्ठ ग्रामवतने प्रत्यक्षात रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ चा. त्यातही जमीन आपल्या नावे करून घेण्यासाठी कब्जाहक्काची रक्कम भरावी लागलीच. वर सोडवणुकीचा दर वाचताना मला तेच आठवले.

उत्तर ३ : दूरदेशी

मी गेली काही वर्षे जपानमध्ये राहतो. आपल्याला वाटणारी ही शब्दाची अडचण फक्त मराठीची नाही, एवढेच नोंदवायचे आहे.

चीनमध्ये ‘फंगच्येन’ असा एक जुना शब्द आहे. चौ घराण्याच्या काळात राजाने आपल्या नातलगांना आणि सहकाऱ्यांना प्रांत तोडून देण्याची जी पद्धत होती तिचे ते नाव. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये छिन सम्राटाने सर्व राज्ये जिंकल्यावर ही पद्धत मोडली आणि साम्राज्यात नेमलेल्या अधिकाऱ्यांचे जिल्हे केले. पुढे दोन हजार वर्षे चिनी विद्वान ‘फंगच्येन चांगले की जिल्हे चांगले’ असा वाद घालत राहिले, म्हणजे त्यांच्या दृष्टीने हे दोन परस्परविरुद्ध शब्द होते. एकोणिसाव्या शतकात जपान्यांनी युरोपीय संकल्पनेसाठी हाच शब्द ‘होकेन’ या उच्चाराने घेतला. त्यांना तो बराचसा जुळला, कारण त्यांच्याकडे दाइम्यो (संस्थानिक) आणि त्यांच्या चाकरीतील सामुराई (योद्धे) होते आणि ती संस्थाने १८७१ मध्ये नुकतीच रद्द झाली होती. तिथून तो शब्द नवा अर्थ घेऊन चीनमध्ये परतला, आणि विसाव्या शतकात मार्क्सवादी इतिहासकारांनी छिनपासून १९ व्या शतकापर्यंतच्या सगळ्या साम्राज्यकाळाला ‘फंगच्येन समाज’ म्हटले. ज्या काळात फंगच्येन मोडले, त्याच काळाचे नाव फंगच्येन! यात फसवणूक कोणाचीच नव्हती. त्यांचे लक्ष जमीनमालक आणि कुळ यांच्या नात्यावर होते, राजा आणि मांडलिक यांच्यावर नव्हते.

गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी भारतापुरता हा गुंता निराळ्या प्रकारे सोडवला होता. त्यांनी १९५६ मध्ये वरून आलेली सरंजामशाही आणि खालून आलेली सरंजामशाही असा भेद केला. राजाने मांडलिकांना व अधिकाऱ्यांना हक्क दिले ती वरून, आणि राज्य व शेतकरी यांच्यामध्ये गावातूनच जमीनदारांचा थर वाढत गेला ती खालून. या मांडणीवर आक्षेप पुष्कळ आले, परंतु एकच शब्द वापरूनही त्याच्या आधी एक विशेषण लावले तर किती गोंधळ वाचतो, हे त्यातून कळते.

वर्गशिक्षिका

तिघांचेही मनापासून आभार. मोडीवाचक यांनी सांगितलेला मानपानाचा भाग आमच्या मुलांना लगेच समजेल, कारण बैलाच्या मानावरून झालेली भांडणे त्यांनी आपल्या गावात ऐकलेली असतात.

याला जोडूनच एक विचारते. ‘तिसरी इस्टेट’ शिकवताना दरवर्षी कोणीतरी ‘म्हणजे किती एकर?’ असे विचारते, कारण मराठीत इस्टेट म्हणजे मालमत्ता. ते टाळण्यासाठी मी ‘तिसरा वर्ग’ म्हणते. ते चालेल का?

उत्तर ४ : तळटीप

माझ्या मते चालणार नाही, आणि या ठिकाणी मी थोडा आग्रही आहे. वर्ग म्हटले की उत्पन्न आणि उत्पादनाची साधने मनात येतात. इस्टेट ही त्या अर्थाने वर्ग नव्हती, ती कायद्याने ठरलेली पायरी होती: पहिली धर्मोपदेशकांची, दुसरी उमरावांची, आणि तिसरीत बाकी सगळे. या तिसऱ्या पायरीवर बोर्दो शहरातील गडगंज जहाजमालक होता आणि ब्रिटनीतील मजूरही होता. उलट पहिल्या पायरीवर राजेशाही थाटाचा बिशप होता आणि जेमतेम पोट भरणारा खेड्यातील पाद्रीही होता. जून १७८९ मध्ये पहिल्या इस्टेटीचे बहुमत तिसरीकडे झुकले, ते या खेड्यांतील पाद्र्यांमुळे. वर्ग हा शब्द वापरला तर ही घटना उलगडतच नाही. त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे धन्याचे हक्क विकत मिळत. श्रीमंत व्यापारी सेन्यरी विकत घेई आणि स्वतः उमराव नसतानाही शेतकऱ्यांकडून देणे वसूल करी. म्हणजे तिसऱ्या इस्टेटीतील काही जणांचेच पैसे ४ ऑगस्टला पणाला लागले होते, आणि सोडवणुकीचा दर वीसपट का ठरला याचे एक कारण तिथे सापडते.

पायऱ्यांचे राजकारण समजावण्यासाठी मी पंगतीचा दाखला देतो. मे १७८९ मध्ये तिन्ही इस्टेटींचे प्रतिनिधी व्हर्सायला जमले, ते १६१४ नंतर प्रथमच. तिसरीचे सुमारे सहाशे, उरलेल्या दोघींचे सुमारे तीनतीनशे. आता मत पंगतीला एक द्यायचे की पानाला एक? पंगतीला एक असेल तर दोन विरुद्ध एक असा निकाल आधीच लागलेला. पानाला एक असेल तर सहाशेंना पलीकडच्या पंगतीतील मूठभर माणसे फुटली तरी पुरे. सहा आठवडे भांडण झाले ते यावर, आणि १७ जूनला तिसरीने आपल्यालाच राष्ट्रीय सभा म्हणवून घेतले तेव्हा पंगतीच उठल्या.

शब्दच हवा असेल तर ‘तिसरी श्रेणी’ म्हणावे आणि पहिल्या दिवशी ती कायद्याने ठरलेली श्रेणी आहे हे सांगून टाकावे. धन्याच्या हक्कांना मी ‘धनीहक्क’ म्हणतो. तेव्हा आपल्या फळ्यावर पुढच्या वर्षी ‘४ ऑगस्ट १७८९ : धनीहक्क रद्द करण्याची घोषणा, १७ जुलै १७९३ : प्रत्यक्षात रद्द’ असे लिहिले तर ओळ थोडी लांबेल, पण मागच्या बाकावरून हात वर आला तरी अडचण येणार नाही.

उत्तर ५ : मोडीवाचक

‘धनीहक्क’ चांगला आहे, परंतु परीक्षेत मुलांनी तो लिहिला तर पेपर तपासणारा गुण देईल का, याचाही विचार करावा. कंसात सरंजामी हक्क असे लिहायला सांगा. आणि ज्या मुलीने प्रश्न विचारला तिला आणखी एक गोष्ट सांगा: स्कॉटलंडमध्ये जमिनीची सरंजामी धारणा कायद्याने संपली ती २८ नोव्हेंबर २००४ रोजी. तोवर तिथे जमीनमालकाच्या वर कागदोपत्री एक वरिष्ठ असे, आणि त्याच्या वर आणखी एक, थेट राजापर्यंत. यावर ती पुढचा प्रश्न काय विचारते, ते इथे जरूर कळवा.